निळा धूर गेला, पण...

सकाळी शाळेची वेळ झाली की एक दृश्य ठरलेले असायचे. बाबा स्कूटर एका अंगाला तिरकी करत, चार-पाच किक मारत आणि ती एकदाची सुरू झाली की मागून निळसर धुराचा लोट निघे. मुलगा पुढे उभा, आई मागे पदर सावरून बसलेली. धुराचे कोणाला काहीच वाटत नसे.

तो धूर ऑइलचा होता. १९७२ मध्ये आलेली बजाज चेतक आणि तिच्या काळातल्या बहुतेक स्कूटर टू-स्ट्रोक. या इंजिनाला वंगण म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. शिवाय ताजे पेट्रोल आत येत असतानाच धूर बाहेर जायची वाट उघडी असते, त्यामुळे बरेचसे इंधन न जळताच निसटते. त्यात ‘ऑइल थोडे जास्त घाला, इंजिनाला बरे’ हा समज! इंजिनाला बरे की नाही कोण जाणे, मागून येणाऱ्या सायकलस्वाराला मात्र नक्कीच नव्हते.

पुढे फोर-स्ट्रोक स्कूटर आल्या. शिसे घातलेले पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. आता सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन बरेचसे निकामी करतो.

गोम इथेच आहे. हा कन्व्हर्टर चांगला तापल्याशिवाय कामच करत नाही. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला काढलेली स्कूटर तो तापायच्या आत घरी परतलेली असते! म्हणजे दर किलोमीटरमागे सर्वांत घाण धूर या छोट्या फेऱ्यांचाच. आणि एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो कोणताच कन्व्हर्टर अडवत नाही.

मग विजेची स्कूटर? जुनी चेतकच जानेवारी २०२० मध्ये विजेवर चालणारी होऊन परत आली. तिला धुराची नळीच नाही, गल्लीतली हवा तेवढी खरोखर सुधारते. पण आपल्याकडची बहुतांश वीज कोळशावर होते. धुराचा काही भाग चंद्रपूर, कोराडीच्या चिमण्यांतून निघतो.

तोवर घरातल्या पेट्रोलच्या स्कूटरसाठी इस्त्रीचे कपडे, भाजी आणि शिकवणी एकाच फेरीत उरकावी. एअर फिल्टर वेळेवर बदलावा, लांबच्या सिग्नलला इंजिन बंद करावे. कोथिंबिरीसाठी मात्र चपला पुरतात.