छत्री आग्नेयेकडेच का पाहते?



सटाण्यात एखाद्या गच्चीवर चढून पाहिलेत, तर दूरदर्शनच्या फ्री डिशच्या सगळ्या छत्र्या एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या दिसतील. ती दिशा आग्नेय. असे का, हे उमगले की छत्री बसवण्याचे अर्धे काम झाले म्हणा.

ही चित्रे येतात जीसॅट-१५ या उपग्रहाकडून. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो सोडला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच, ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी तो असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरतो. म्हणून आपल्याला तो आकाशात खिळल्यासारखा. आपले सटाणे त्या जागेपासून साडेवीस अंश उत्तरेला आणि एकोणीस अंश पश्चिमेला. म्हणजे तो आपल्या दक्षिणेला जितका, जवळजवळ तितकाच पूर्वेला. मग आग्नेय नाही तर दुसरे काय? क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ५७ अंश.

इथे पुष्कळजण फसतात. छत्री समोरच्या घराकडे पाहते आहे असे वाटते, म्हणून तिला आणखी वर वळवतात. तसे करू नका. लहरी गोळा करणारी एलएनबी मधोमध नसते, खालच्या अंगाला असते. त्यामुळे छत्री दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर पाहत असते.

खरे महत्त्व खांबाला. तो गवंड्याच्या ओळंब्याने सरळ उभा करावा. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली. त्या दिवसांत मी एका वस्तीवर गेलो होतो. मोबाईलला रेंज नाही, पोरगी पाचवीत. पेटी बिघडली म्हणून बापाने ती फडक्यात गुंडाळून ठेवलेली, नवी घ्यायला पैसा नाही. पाहतो तो, वाऱ्याने खांब कललेला! पेटीचा काहीच दोष नव्हता. छत्रीची कड बोटभर सरकली तरी चित्र जाते, हे त्या बापाला कुणी सांगितलेच नव्हते.

खांब सरळ झाला की बोल्ट थोडे सैल ठेवा. एकाने पेटीवरची सिग्नलची पट्टी पाहावी, दुसऱ्याने छत्री तिळातिळाने फिरवून दर वेळी क्षणभर थांबावे. पट्टी भरली की एलएनबी तिच्या पकडीत जराशी फिरवून पाहा आणि मग बोल्ट आवळा. केबल जोडताना पेटीची वीज बंदच हवी, कारण एलएनबीला वीज त्याच केबलमधून जाते. मधल्या तांब्याच्या तारेला भोवतालच्या जाळीचा एकही धागा लागता कामा नये. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच गळून जाईल. आभाळात वीज कडाडत असताना गच्चीवर मुळीच जाऊ नका.

समोरचा लिंब आड येतो का, हे पाहण्याची युक्ती शिक्षकांनी मुलांकडून जरूर करवून घ्यावी. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. तेव्हा चित्र काही मिनिटे बिघडते; घाबरू नये, आपोआप सुधारते. त्याच वेळी छत्रीवर लिंबाची सावली पडली, तर उपग्रहाची वाटही लिंबानेच अडवली आहे. झाड तोडू नका. छत्रीच दोन पावले सरकवा.