दहा सापडले, बाकीचे धुळीत

आपल्या आकाशगंगेत वर्षाला किती नवतारे भडकतात? हाती लागतात साधारण दहा. १९७२च्या एका अंदाजाने आकडा थेट २६० वर नेला, १९९७ मध्ये तो ३५ वर उतरला आणि २०१७ मध्ये परत ५० झाला. सूर्यग्रहण सेकंदापर्यंत सांगणाऱ्या शास्त्राची ही गंमत!

भडकतं काय? श्वेत बटू तारा शेजारच्या ताऱ्याचा हायड्रोजन ओढत बसतो. थर साचत जातो, तापतो आणि एक दिवस अणुस्फोट होऊन उडतो. तारा मात्र शाबूत! तो पुन्हा ओढायला लागतो. अतिनवताऱ्यात ताऱ्याचाच निकाल लागतो, इथे फक्त वरचा थर जातो.

घोडं अडतं कुठे? आकाशगंगेच्या पातळीत धूळ आहे आणि बहुतेक नवतारे नेमके तिच्याच आड भडकतात. अवरक्त प्रकाश मात्र ही धूळ बऱ्यापैकी पार करतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून अमेरिकेत गेलेल्या किशलय डे यांनी हाच धागा पकडला. पालोमार वेधशाळेतल्या अवघ्या ३० सेंटिमीटरच्या अवरक्त दुर्बिणीला १७ महिन्यांत १२ नवतारे मिळाले. त्यावरून डे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हिशोब मांडला : वर्षाला सुमारे ४४. नंतर दुसऱ्या एका सर्वेक्षणाने २६ म्हटलं. वाद मिटला असं कोणी समजू नये.

अंतर कसं मोजायचं? एक सरळ रीत अशी. स्फोटातून उडालेलं कवच सेकंदाला १,००० किलोमीटरने पसरतंय, हे वर्णपटावरून कळलं. दहा वर्षांत त्याची त्रिज्या झाली सुमारे ३१,५०० कोटी किलोमीटर. आता दुर्बिणीतून ती त्रिज्या दोन विकला दिसली (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), तर तारा साधारण ३,४०० प्रकाशवर्षांवर. शाळेतली त्रिकोणमिती, बस्स! फक्त दहा वर्षं थांबायची तयारी हवी. शिवाय कवच सगळीकडे सारखं पसरायला हवं, आणि तसं ते क्वचितच पसरतं.

दुसरी रीत उतावळ्यांची. जो नवतारा लवकर मंदावतो तो मुळात जास्त तेजस्वी, असा जुना नियम होता. किती दिवसांत तेजाच्या दोन प्रती उतरला ते मोजा, खरं तेज काढा, दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहा, झालं. मग २०११ मध्ये मानसी कासलीवाल यांच्या चमूला देवयानी दीर्घिकेत लवकर मंदावणारे, तरीही फिके असे नवतारे सापडले आणि नियमाची पंचाईत झाली. आता भिस्त गाया उपग्रहाच्या मोजमापांवर, पण तीही जवळच्या ताऱ्यांपुरती खात्रीची.

उलटा न्याय : भुजंगधारीतला आरएस ओफियुकी हा तारा १९८५, २००६ आणि २०२१ मध्ये भडकला. इतका ओळखीचा गडी, तरी त्याचं अंतर कोणी ५,००० प्रकाशवर्षं सांगतो, कोणी ८,००० च्या वर. २५ लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानीचं अंतर मात्र काही टक्क्यांच्या फरकाने पक्कं! त्या देवयानीत एक नवतारा दरवर्षी भडकतो. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मंडळी लडाखमधली दुर्बीण आणि ॲस्ट्रोसॅट उपग्रह वापरून त्याच्या मागावर असतात.

जुन्नर तालुक्याचा वाटा : आरएस ओफियुकीच्या २००६च्या स्फोटाच्या रेडिओलहरी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपल्या. १.४ गिगाहर्ट्झच्या खाली या ताऱ्याचा ठाव तोवर कोणाला लागला नव्हता. पुण्याच्या निमिषा कांथारिया आणि बंगळुरूच्या जी. सी. अनुपमा व तुषार प्रभू या कामात होते.

नोकरी सांभाळून : जून १९१८ मध्ये गरुड राशीत भडकलेला नवतारा जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्रांनी स्वतंत्रपणे हेरला. पुढे अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकांच्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. ती नंतर खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आणि अखेर कावलूरच्या वेधशाळेत पोचली.

आणि सध्या ज्याची वाट पाहणं चाललंय तो? उत्तर मुकुटातला टी कोरोनी बोरिॲलिस. १८६६ आणि १९४६ मध्ये उजळला होता. २०२४ मध्ये भडकेल असं भाकीत होतं, ते वर्ष कोरडं गेलं. अंतर सुमारे ३,००० प्रकाशवर्षं. भडकला की ध्रुवाइतका तेजस्वी, नुसत्या डोळ्यांना दिसेल. नेमका जुलैत भडकला तर बंगळुरूकरांना ढगांखेरीज काही दिसायचं नाही. पण तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना चिंता नाही. शहराबाहेर होसकोटेत बसून ते उपग्रहाच्या दुव्यावरून लडाखमधल्या, ४,५०० मीटर उंचीवरच्या हानलेची दोन मीटरची दुर्बीण चालवतात, आणि हानले पर्जन्यछायेत आहे.