तेल पाजायचं की पाणी अडवायचं?

दुचाकीची निगा : लेखांक ९

मे सरत आला की कपाटातली जॅकेटं, हातमोजे, बूट बाहेर येतात आणि घरातून सल्लाही येतो, ‘तेल चोळून ठेव, पाणी लागणार नाही.’ हा सल्ला कोल्हापुरी चपलेकडून आलेला आहे आणि तिच्यापुरता अगदी बरोबर आहे. कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींच्या अर्कात कमावलेलं, जाड आणि उघडं असतं. तेल पाजलं की ते पितं आणि मऊ पडतं. जॅकेटचं चामडं निराळं. ते बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्यावर रंगाचा व रेझिनचा पातळ थर चढवलेला असतो. त्यावर खोबरेल ओतलं तर थोडं शिवणीतून आत जाईल आणि उरलेलं वर बसून रस्त्यावरची धूळ गोळा करील. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे डिसेंबरात त्याच जॅकेटावर पांढरट चट्टे.

मुळात चामड्याला मऊ ठेवणं आणि चामड्यातून पाणी आत येऊ न देणं ही दोन कामं आहेत. बाजारातल्या डबीवर ती एकत्र छापलेली असतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिलं काम आधी समजून घेऊ. चामडं म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंची घट्ट गुंतवळ. कातडं कमावल्यावर टॅनरीत त्यात तेलं मुरवतात. ही तेलं तंतूंना एकमेकांवरून सरकू देतात, म्हणून कोपर वाकवलं की बाही वाकते. चामडं वारंवार भिजलं, घामेजलं, उन्हात तापलं की ही तेलं हळूहळू कमी होतात. मग ओलं चामडं वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात आणि बाही पापडासारखी कडक होते. म्हणजे नुकसान भिजताना होतं त्याहून जास्त वाळताना होतं. माझ्या मते या सगळ्या विषयात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच, आणि नेमकी तीच कुठल्या डबीवर छापलेली नसते.

त्यामुळे भिजून घरी आल्यावरचा पहिला तास महत्त्वाचा. जॅकेट कोरड्या फडक्याने टिपा, चेन आणि खिसे उघडे ठेवा, कोपर-खांद्यांची पॅडं काढून घ्या आणि रुंद खांद्यांच्या हँगरवर पंख्याखाली टांगा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते भिजले की बदला. गरम इंजिनावर हातमोजे वाळत टाकण्याची पद्धत घाटातल्या प्रत्येक चहाच्या टपरीसमोर दिसते. ती सोडा. कच्चं ओलं कातडं साठ-पासष्ट अंशांना आक्रसतं. कमावलेलं याहून पुष्कळ तग धरतं, क्रोमचं तर उकळत्या पाण्याच्या जवळपासही टिकतं. पण सायलेन्सर त्याहूनही तापतो, आणि तिथवर पोचण्याआधीच वरचा रंगाचा थर तडकायला लागतो.

तेल द्यायचं ते स्वच्छ चामड्याला. किंचित ओलसर फडक्यावर थोडा सॅडल सोप घेऊन घाम आणि मळ काढा. पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसू नका, ते मळाबरोबर आतलं तेलही घेऊन जातं. नंतर कंडिशनर. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफुट तेल जुनं आणि प्रसिद्ध. मेंढीच्या लोकरीतून निघणारं लॅनोलिन आणि मेणयुक्त क्रीमही चांगली. काहीही घ्या, पण हात राखून. आधी आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लावून रंग किती काळवंडतो ते पाहा. वर एक थेंब पाणी ठेवा. थेंब बराच वेळ गोल राहिला तर वरचा थर शाबूत आहे, तेल आत फारसं जाणारच नाही. तिथे क्रीमचा हलका हात पुरे आणि भर द्यायचा तो घड्या पडतात त्या जागी. थेंब लगेच मुरला तर चामडं तहानलेलं आहे. तरीही ते निथळेपर्यंत तेल घालू नका. अति तेलाने चामडं सैलावतं, आणि पडल्यावर रस्त्याशी घासण्यासाठी घेतलेलं जॅकेट सैल असणं धोक्याचं.

आता पाणी. चामड्याचं जॅकेट पूर्ण जलरोधक करता येत नाही. मेण लावून चामड्याचा पृष्ठभाग पाणी परतवील, पण हजारो टाके म्हणजे हजारो भोकं, वर चेन आणि कॉलर. पावसाचं माहेरघर असलेल्या ब्रिटनमधल्या मोटरसायकलस्वारांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. बार्बर कंपनीने १९३६ मध्ये खास त्यांच्यासाठी आणलेला ‘इंटरनॅशनल’ सूट चामड्याचा नव्हता, मेण चढवलेल्या सुती कापडाचा होता. चामडं घासण्यासाठी, पावसासाठी दुसरं काही, ही विभागणी तेव्हापासूनची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रेनसूट चामड्यावरून घाला. मेण किंवा जलरोधक क्रीम लावाच, पण अचानक सर आली तर रेनसूट चढवेपर्यंत तग धरण्यासाठी. एक अपवाद सांगतो. ज्या बुटांना-हातमोज्यांना आत गोर-टेक्ससारखा पडदा असतो, त्यांत पाणी तो पडदा अडवतो. बाहेरचं चामडं मेणाने लिंपलं तर घामाची वाफ बाहेर पडायची वाट बंद होते. भोकाभोकांच्या चामड्यावरही घट्ट मेण नको, आणि स्वेडवर तर मेण अजिबात नको.

राहिली सीट. आपल्या बहुतेक गाड्यांची सीट चामड्याची नसतेच, रेक्झिनची असते. किल्लीने सीट काढा आणि खालची दुमडलेली कड पाहा. कापडाची वीण दिसली तर रेक्झिन, लव असलेले तंतू दिसले तर चामडं. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं पीव्हीसी. त्याला मऊ ठेवणारी रसायनं उन्हाने उडून जातात आणि कुठलंही तेल ती परत आणत नाही. सावली आणि कव्हर हाच उपाय. वॉशिंग सेंटरवर शेवटी सीटवर सिलिकॉन पॉलिशचा फडका मारतात, तो मात्र ठामपणे नाकारा. सीट चकाकते आणि पहिल्या जोरदार ब्रेकला तुम्ही टाकीवर सरकता. हेच पॉलिश ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

पाणी सीटमध्ये शिरतं ते शिवणीतून. आतला फोम ते पितो आणि तुम्ही बसलात की परत देतो. सीट नवी शिवून घेताना कारागिराला फोम आणि कव्हरच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालायला सांगा. खर्च नगण्य. जुन्या स्प्रिंगच्या सीटवर खरं, जाड, उघडं चामडं असेल तर तिथे कोल्हापुरीचा नियम लागू. तेल पाजा, टाक्यांवर मधमाश्यांचं मेण घासा, पावसात गाडी उभी करताना कव्हर टाका.

ऑगस्टमध्ये कपाटातल्या जॅकेटवर पांढरं काही दिसलं तर लगेच बुरशी समजू नका. चामड्यातली चरबीही कधीकधी वर येऊन पांढरी दिसते. हेअर ड्रायरची मंद हवा हातभर अंतरावरून द्या. चरबी विरघळून दिसेनाशी होईल, बुरशी तशीच राहील आणि वासही मारील. बुरशी असली तर जॅकेट गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मेनिम्मे घेऊन हलका हात फिरवा, आधी लपत्या जागी रंग तपासून. आणि दुकानाने दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पुन्हा घालू नका. जुनी सुती चादर चालेल.

(पुढील आठवड्यात : हेल्मेटची काच धुकटते का?)