खर्चाची वही आणि सरपंचाची खुर्ची

बचत गटाच्या बैठकीत आपण दहा रुपयांचाही हिशोब मांडतो. कुणी हप्ता भरला, कुणाचा राहिला, सगळं वहीत. पण आपल्यातलीच एखादी ग्रामपंचायतीला उभी राहिली की प्रचाराचा हिशोब कुणाकडे असतो? बहुतेक वेळा घरातल्या पुरुषांकडे. आज बोलायचंय ते त्यावरच, कारण ही वही हरवली तर खुर्ची जाऊ शकते.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. उमेदवारानं किती खर्च करायचा, याची मर्यादाही तोच ठरवतो. 2017 साली ठरलेली मर्यादा अशी होती: 7 किंवा 9 सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदासाठी 25 हजार रुपये, 11 किंवा 13 सदस्य असतील तर 35 हजार, आणि 15 किंवा 17 असतील तर 50 हजार. थेट सरपंचपदासाठी याच क्रमानं 50 हजार, 1 लाख आणि 1 लाख 75 हजार. आयोग हे आकडे बदलू शकतो, म्हणून अर्ज भरताना तहसील कार्यालयात चालू आकडा विचारून घ्यायचा.

ही मर्यादा कशासाठी? ज्याच्या घरात पैसा त्याचीच खुर्ची, असं होऊ नये म्हणून. मजुरीला जाणाऱ्या बाईलाही उभं राहता यावं म्हणून.

खर्च म्हणजे काय काय? पत्रकं, बॅनर, रिक्षावरचा भोंगा, गाडीचं डिझेल, मांडव, कार्यकर्त्यांचा चहा-नाष्टा, सगळं त्यात येतं. रोजचा खर्च रोज लिहायचा आणि प्रत्येक पावती जपून ठेवायची. निवडणुकीच्या पैशासाठी बँकेत वेगळं खातं ठेवलं, की घरखर्च त्यात मिसळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. निकाल लागल्यापासून 30 दिवसांच्या आत हा हिशोब द्यावाच लागतो. जिंकलेलीनं द्यायचा, हरलेलीनंही द्यायचा. खर्च शून्य असेल तर ‘निरंक’ लिहून द्यायचा. ‘मी पडले, आता कसला हिशोब?’ असं म्हणून चालत नाही.

दिला नाही तर? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14ब नुसार, हिशोब वेळेत आणि ठरलेल्या पद्धतीनं दिला नाही आणि त्याला योग्य कारणही नसेल, तर त्या व्यक्तीला अपात्र ठरवता येतं. आदेशाच्या तारखेपासून 5 वर्षं. निवडून आलेलीचं पद जातं, पडलेलीला पुढची निवडणूक लढवता येत नाही.

समजा, एक ताई निवडून आली. गुलाल उधळला, हारतुरे झाले. हिशोबाचे कागद दिराकडे होते, तो म्हणाला, ‘देतो, देतो.’ 30 दिवस गेले. मग नोटीस आली, ती कुणीतरी कपाटावर टाकली. अपात्रतेच्या आदेशावर नाव मात्र दिराचं नसतं, ताईचं असतं. म्हणून हिशोबावर सही करताना तो वाचा, वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. कागद दिल्यावर शिक्क्याची पोच मागून घ्या. नोटीस आलीच, तर मुदतीत लेखी उत्तर द्या. आजारपण, बाळंतपण असं खरं कारण असेल तर ते पुराव्यासह मांडा.

आणि मतदार म्हणून आपलंही एक काम आहे. मतासाठी पैसे देणं जसा गुन्हा, तसं ते घेणंही गुन्हाच. साडी-पाकिटाचा खर्च कुठल्याच वहीत दिसत नाही. पण तो नंतर वसूल होतो, आपल्याच रस्त्यातून, आपल्याच पाण्याच्या टाकीतून.

पुढच्या बैठकीत एवढं करा: गटातली कुणी उभी राहणार असेल, तर तिच्या नावाची एक वही आजच घाला. हिशोब आपल्याला येतो, मैत्रिणींनो. तो आपल्याच हातात ठेवूया.