बत्तीस वर्षं उशिरा झालेला तास

लेखमाला : आभाळाचा अभ्यासक्रम – भाग ६

अवकाशाचा धडा सुरू झाला की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. गुरुत्वाकर्षण आणि कृष्णविवर मागे राहतात आणि शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, ‘मॅडम, तिकडं संडासला कुठं जातात?’ वर्ग खो खो हसतो. हाच प्रश्न एकदा अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूवर गावच्या हायस्कुलात विचारला गेला. तिथे डॉटी मेटकाफ-लिंडेनबर्गर भूविज्ञान आणि खगोलशास्त्र शिकवत. त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. उत्तर शोधायला त्या नासाच्या संकेतस्थळावर गेल्या, तर तिथे शिक्षकांमधून अंतराळवीर निवडण्याची जाहिरात! त्यांनी अर्ज केला, २००४ मध्ये निवड झाली आणि एप्रिल २०१० मध्ये त्या डिस्कव्हरी यानातून अंतराळ स्थानकावर जाऊनही आल्या.

उत्तरही सांगून टाकू. स्थानकावरच्या शौचालयात पाण्याचं काम हवेचा झोत करतो, सगळं ओढून घेतो. लघवी गाळून, शुद्ध करून तिचं पुन्हा पिण्याचं पाणी केलं जातं.

गेल्या भागात अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी २०२५ च्या जुलैत स्थानकावर मूग आणि मेथीला मोड आणले, ती हकिकत आपण वाचली. या भागात वर्ग सोडून वर गेलेल्या, आणि वर जाऊनही मास्तरच राहिलेल्या मंडळींची गोष्ट.

तिची सुरुवात दुःखद आहे. १९८४ मध्ये नासाने ‘अंतराळात शिक्षक’ ही योजना काढली. अकरा हजारांहून जास्त अर्ज आले. निवड झाली ती न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड हायस्कूलच्या क्रिस्टा मॅकॉलिफ यांची. विज्ञानाच्या नव्हे, सामाजिक शास्त्रांच्या शिक्षिका. शाळेतून वर्षभराची रजा घ्यायची, प्रशिक्षण घ्यायचं, जाऊन यायचं आणि पुन्हा वर्गात उभं राहायचं, असा त्यांचा साधा बेत होता. यानातून थेट प्रक्षेपणाने दोन पाठ घ्यायचे होते आणि चित्रित करून आणायचे काही छोटे प्रयोग वेगळे. सगळ्याचं टाचण तयार होतं.

२८ जानेवारी १९८६ च्या सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत चॅलेंजर यानाचे तुकडे झाले आणि सातही जण गेले. कितीतरी शाळांतली मुलं तेव्हा दूरचित्रवाणीसमोर बसलेली होती. उजव्या बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने कडक झाली होती. तिने सांधा धरला नाही आणि तप्त वायू बाहेर फुटला. चौकशी आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी हे सिद्ध केलं तेही शाळेतल्या प्रयोगासारखंच. रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून चिमटा सोडला. रबर लगेच पूर्ववत झालं नाही.

मॅकॉलिफ यांच्यासाठी राखीव म्हणून निवडलेल्या शिक्षिका होत्या बार्बरा मॉर्गन. आयडाहोतल्या मॅकॉल या डोंगराळ गावात त्या प्राथमिकच्या मुलांना शिकवत. प्रशिक्षण मॅकॉलिफ यांच्याबरोबरच झालेलं. अपघातानंतर नासाने त्यांना मॅकॉलिफ यांची जागा देऊ केली. त्यांनी होकार दिला आणि १९८६ च्या शरदात त्या आपल्या वर्गात परतल्या. पुढची बरीच वर्षं शाळा सांभाळत त्यांनी नासाच्या शिक्षणविभागाचं काम केलं, गावोगाव भाषणं दिली. एका हातात हजेरीपट, दुसऱ्या हातात न मिळालेलं तिकीट.

मधल्या काळात नासाचाही विचार बदलला होता. पाहुणा म्हणून शिक्षकाला आठवडाभर वर न्यायचं, ही कल्पना मागे पडली. शिक्षक जाणार असेल तर पूर्ण अंतराळवीर होऊनच. १९९८ मध्ये मॉर्गन यांची तशी निवड झाली आणि त्या ह्यूस्टनला गेल्या. त्यांचं उड्डाण कोलंबिया यानातून २००३ च्या अखेरीस ठरलं होतं. पण त्याच वर्षी १ फेब्रुवारीला कोलंबिया परतीच्या वाटेवर कोसळलं. त्यात आपल्या कर्नालच्या कल्पना चावलाही होत्या. पुन्हा थांबणं आलं.

अखेर ८ ऑगस्ट २००७ रोजी एन्डेव्हर यानातून मॉर्गन वर गेल्या तेव्हा त्यांचं वय ५५ होतं. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या गुरुजींना या वयात निवृत्तीचे कागद खुणावू लागतात. वर त्यांना हौसमौज करायला सवड नव्हती. यानाचा रोबो-हात चालवायचा, स्थानकाच्या सामानाची चढउतार करायची, अशी नेमून दिलेली कामं होती. त्यातूनच वेळ काढून त्या आयडाहोतल्या मुलांशी बोलल्या. यानात तुळशीच्या जातीतल्या बेसिलचं एक कोटी बी होतं. परतल्यावर ते शाळांना वाटण्यात आलं, मुलांनी अंतराळात जाऊन आलेलं बी लावून पाहावं म्हणून.

आणि मॅकॉलिफ यांचं टाचण? ते तसंच पडून राहिलं नाही. जो अकाबा आणि रिकी अरनॉल्ड हे दोघेही पूर्वाश्रमीचे शिक्षक, २००४ साली डॉटीबाईंबरोबरच निवडलेले. अकाबा फ्लोरिडात शिकवत. अरनॉल्ड यांनी मोरोक्को, सौदी अरेबिया, इंडोनेशिया, रुमानिया इथल्या शाळांत नोकरी केलेली. २०१८ मध्ये या दोघांनी स्थानकावर मॅकॉलिफ यांचे काही प्रयोग करून चित्रित केले. फसफसणारी गोळी, शाईतले रंग वेगळे करणं, द्रवांचं वागणं, न्यूटनचे नियम. फसफसणारी गोळी आपल्याकडे ग्लासात टाकली की बुडबुडे वर धावतात. तिथे ‘वर’ अशी दिशाच नसल्याने ते पाण्याच्या तरंगत्या गोळ्यातच अडकून फुगत राहतात. बत्तीस वर्षांनी का होईना, तास झाला. शिकवणारे बदलले, टाचण तेच.

असा तास आपल्याकडच्या शाळेतही घेता येतो; त्यासाठी आता पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्याकडे येऊ. लोणी देवकरच्या अंगावरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो, गावाला एमआयडीसी आहे, भोवती ऊस आणि उत्तरेला उजनीचा फुगवटा. इथल्या शिक्षकाला रोबो-हात चालवायचा नाही. परिपाठ, पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती आणि निवडणूक आली की बीएलओचं काम एवढं उरकून त्याला अवकाशाचा धडा घ्यायचा असतो. तरी सामान हाताशी आहे. ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल टेबलावर ठेवावा आणि स्थानक किती उंच फिरत असेल, ते मुलांना बोटाने दाखवायला सांगावं. बहुतेक हात छपराकडे जातात. खरी उंची सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे या गोलापासून जेमतेम एक सेंटिमीटर! चंद्र मात्र त्याच मापाने आठ सेंटिमीटरचा, मोसंबीएवढा, आणि नऊ मीटर दूर. तो दाखवायला एका मुलाला मोसंबी देऊन वर्गाबाहेर, व्हरांड्याच्या पलीकडे उभं करावं लागतं.

दुसरा तास मैदानावर. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतं. पुणे ते सोलापूर हे अडीचशे किलोमीटरचं अंतर एसटीला पाच तास घेतं, स्थानकाला ३३ सेकंद. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्यापूर्वी तासा-दीड तासात ते साध्या डोळ्यांनी दिसतं. खाली अंधार झालेला असतो, पण त्याच्या पत्र्यांवर अजून ऊन असतं. न लुकलुकणारा ठळक ठिपका साधारण पश्चिमेकडून येतो आणि चार-सहा मिनिटांत पूर्वेला उतरतो. तो कोणत्या दिवशी, किती वाजता दिसेल हे नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ अ‍ॅपवर कळतं.

तिसरा प्रयोग शुक्लांच्याच मुगाचा. ओल्या कापसावर मूग रुजवावेत आणि मोड आले की बशी उभी करून अंधारात ठेवावी. काही तासांत मुळाचं टोक जमिनीकडे वळतं, कारण टोकाच्या पेशींतले पिठूळ कण खालच्या बाजूला साचतात आणि मुळाला दिशा सांगतात. वजनरहित स्थितीत ते कण कुठे साचतील, हे मुलांनी आधी वहीत लिहावं.

या वाटेने दूरही जाता येतं. २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आयुका संस्थेच्या मदतीने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतले ७५ विद्यार्थी निवडले. पन्नास जणांची सहल इस्रोला, पंचवीस जणांची थेट नासाला. शहरातल्या महागड्या शाळांची नव्हे, खेड्यापाड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांची ही पोरं होती.

पुढच्या भागात याच जिल्ह्यातलं खोडद. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या अवकाशातून काय ऐकतात आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळकरी मुलं तिथे आपले प्रयोग घेऊन का जातात, ते पाहू. तोवर मूग भिजत घाला.