घड्याळ थांबतं तिसऱ्या चाकावर

चार मुलं एकदम सुटतात. त्यातली दोघं वाऱ्यासारखी पुढे निघून जातात. टाळ्या पडतात, कडेला उभ्या असलेल्या आई-वडिलांच्या माना अभिमानाने ताठ होतात. सायकलिंगचे सर मात्र कपाळाला हात लावतात! का? कारण सायकलच्या सांघिक शर्यतीत पहिला कोण आला, याला किंमत नसते. चौघांच्या संघात वेळ धरली जाते ती तिसऱ्याची. तिसऱ्या सायकलचं पुढचं चाक रेषेला लागलं, की घड्याळ थांबतं.

हा नियम काही आजचा नव्हे. १९६० ते १९९२ या काळात ऑलिम्पिकमध्ये रस्त्यावरची १०० किलोमीटरची सांघिक शर्यत होती. तिथेही चार स्वार आणि वेळ तिसऱ्याची, हाच हिशेब. ती शर्यत बंद झाली, पण ट्रॅकवरच्या चार किलोमीटरच्या ‘टीम परस्यूट’मध्ये हा नियम आजही लागू आहे. शाळेचा संघ घेऊन स्पर्धेला निघालेल्या प्रशिक्षकाचं निम्मं शिकवणं या एका नियमाभोवती फिरतं. वेगवान मुलांना थांबायला शिकवायचं आणि मागे पडणाऱ्याला लाज न बाळगता टिकून राहायला शिकवायचं. दोन्ही गोष्टी पायांपेक्षा मनाच्या जास्त!

भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं नांदत आलेलं रायपूर या खेळाला तसं सोयीचं. महानदीच्या खोऱ्यातला सपाट मुलूख, दम काढणारे घाट नाहीत. शहराबाहेर नवा रायपूरचे रुंद, सरळ रस्ते आहेत. शिवाय सायकल म्हणजे छत्तीसगडच्या शाळकरी मुलींच्या रोजच्या सवयीची वस्तू. २००० साली राज्य झालं आणि २००४-०५ पासून सरस्वती सायकल योजना आली. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या नववीच्या मुलींना मोफत सायकल मिळू लागली. रोज धुळीतून, उन्हातून शाळा गाठणाऱ्या अशा मुलीच्या पायांत ताकद आणि छातीत दम आपोआप येतो.

अडचण येते ती पुढच्या पायरीवर. रोजची साधी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. उलट शर्यतीच्या सायकली इतक्या हलक्या होऊ लागल्या, की ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालणार नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम करावा लागला. चांगल्या रेसिंग सायकलची किंमत लाखाच्या पुढे जाते. त्यामुळे शाळेच्या संघात एकाची सायकल नवी कोरी, दुसऱ्याची जुनी घेतलेली, तिसऱ्याची कुणाकडून तरी मागून आणलेली, असं चित्र दिसलं तर नवल नाही. म्हणजे मागे पडणारा मुलगा दर वेळी कमजोर असतोच असं नाही. कधी कधी त्याचा बेअरिंग गेलेला हबच त्याला मागे खेचत असतो.

मग संघातली सर्वांत चांगली चाकं कुणाला द्यायची? कुणीही म्हणेल, सर्वांत वेगवान मुलाला. पण घड्याळ तिसऱ्यावर थांबणार असेल, तर उत्तर उलटं येतं. चाकं बसत असतील, तर ती तिसऱ्याला द्यायची. हे पहिल्या मुलाच्या वडिलांना पटवून देणं, हे प्रशिक्षकाच्या कामातलं बहुधा सर्वांत अवघड काम! खुर्चीची उंची मात्र ज्याची त्याचीच ठेवायची. दुसऱ्याच्या मापावर पायडल मारलं, तर आधी गुडघे बोलायला लागतात.

आता शर्यतीतली युक्ती बघा. पुढचा स्वार हवा कापतो. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून जाणाऱ्याला पाव ते एक तृतीयांश कमी ताकद लागते. म्हणून पुढची जागा आळीपाळीने घ्यायची. थोडा वेळ पुढे राहायचं, मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी यायचं. ऐकायला सोपं आहे, पण नवशिके इथेच घोटाळा करतात. पुढे येताच अंगात वारं शिरतं, जोर वाढतो आणि मागची साखळी तुटते. चांगले प्रशिक्षक म्हणूनच बजावून सांगतात, पुढे आलास की वेग वाढवू नकोस. तुझ्यात जास्त दम आहे ना? मग जास्त जोरात नको, जास्त वेळ पुढे राहा! तिसऱ्यालाही सांगायचं असतं, दम संपत आला की गप्प राहू नकोस, ओरडून सांग. न सांगता मागे राहिलास, तर पुढच्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

ट्रॅकवरची परीक्षा आणखी कठीण. तिथल्या सायकलला ब्रेक नसतो, पायडल फिरवणं थांबवता येत नाही आणि वळणावर ट्रॅक भिंतीसारखा उभा राहतो. देशात असे ट्रॅक मोजकेच. २०२२ ची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत झाली, पण ट्रॅक सायकलिंग घ्यावं लागलं दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातल्या व्हेलोड्रोमवर! रायपूरहून दिल्ली रेल्वेने हजार किलोमीटरहून जास्त. अशा ठिकाणी प्रथमच उतरणाऱ्या मुलाच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. आधी खालच्या सपाट पट्टीवर फेऱ्या मारून घ्यायच्या, मग हळूहळू वर चढवायचं, हाच त्यावरचा उपाय. शर्यतीत प्रशिक्षक कडेला उभा राहून पावलांनी बोलतो. संघ ठरवलेल्या वेळेच्या पुढे असेल, तर रेषेच्या एका बाजूला सरकतो, मागे असेल तर दुसऱ्या बाजूला. सुसाट जाणाऱ्या मुलांना तेवढी खूण पुरते.

एकमेकांसाठी झिजणं काय मिळवून देतं, हे २०१९ साली दिसलं. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट ओडर इथे मणिपूरचे रोजित सिंग आणि रोनाल्डो सिंग, तसंच अंदमान-निकोबारचा इसो अल्बेन या मुलांनी ज्युनियर जागतिक ट्रॅक स्पर्धेत ‘टीम स्प्रिंट’चं सुवर्णपदक जिंकलं. त्या स्पर्धेतलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. तीन स्वार, तीन फेऱ्या. पहिला एक फेरी जीव तोडून पुढे राहतो आणि बाजूला होतो. दुसरा दोन फेऱ्यांनंतर. रेषा ओलांडतो एकटा तिसरा, पण पदक तिघांच्याही गळ्यात.

स्पर्धेच्या दिवशी घरच्यांनीही थोडं पथ्य पाळायला हवं. रायपूरचा उन्हाळा पारा चाळिशीच्या बराच वर नेणारा. तेव्हा पाणी तहान लागण्याआधीच द्यावं, शर्यतीनंतर मीठ-साखर-लिंबाचं सरबत. खाणं दोन-तीन तास आधी आणि रोजच्या सवयीचं. घरी पोहे खाणाऱ्या मुलाला त्या दिवशी कुणी सांगितलं म्हणून नवीन काहीतरी भरवू नये. आणि कडेला उभं राहून फक्त आपल्याच मुलाचं नाव घेऊन ‘पळ, पळ’ असं ओरडू नये. त्या हाकेने तो सुटला, तर साखळी तुटते आणि हरतात चौघंही.

आणि चौथा? त्याचा तर घड्याळाशी संबंधच नसतो. पुष्कळदा तोच शेवटच्या फेऱ्यांआधी सगळी ताकद ओतून पुढे खेचतो आणि मग गळून मागे राहतो. निकालाच्या वेळेत त्याचं चाक कुठेच दिसत नाही. निकाल फलकावर लागत असतो, तेव्हा जाणता प्रशिक्षक तिकडे बघत नाही. तो पाण्याची बाटली घेऊन आधी त्या चौथ्याकडे जातो.