बंदुकीतली कमान

घड्याळाची कमान सैल पडली तर घड्याळ बंद पडते. फार तर आपली गाडी चुकते. पण बंदुकीची कमान सैल पडली तर? पहाऱ्यावरचा शिपाई चाप ओढतो, 'खट्' असा आवाज होतो, आणि गोळी काही सुटत नाही! म्हणून कोणती कमान कुठे नि का बसवतात, ते आज आपण पाहू या.

'थ्री-नॉट-थ्री' ही रायफल आपल्या परिचयाची. ली-एन्फील्ड जातीचा हा १९०७ सालचा नमुना बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात तयार होई, आणि महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या खांद्यावर तो कित्येक दशके होता. तिच्यात तऱ्हेतऱ्हेच्या कमानी आहेत. बोल्टच्या पोटात, टोच्याभोवती, वेटोळ्यांची स्प्रिंग असते. टोच्याला सरळ, जोराचा धक्का हवा, आणि वेटोळ्यांत तो ताण साऱ्या तारेवर वाटला जातो. रिकामे काडतूस ओढणाऱ्या आकड्यामागे मात्र जागा चिमूटभर आणि हालचालही थोडी. तिथे दुमडलेली चपटी पट्टी बसवतात. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे वर सरकवायची, म्हणजे पल्ला लांब. शिवाय दाबल्यावर कमान तळाशी घडी होऊन बसली पाहिजे. म्हणून तिथे नागमोडी पट्टी.

आता जोराचा हिशेब. जितकी दाबाल तितकी कमान उलट रेटते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली मांडला. वेटोळी तेवढीच ठेवून तार फक्त एक दशांशाने जाड घेतली, तर ताठपणा जवळजवळ दीडपट होतो! म्हणजे 'दिसायला तशीच' स्प्रिंग कामाला तशीच असेल, असे समजू नका. ती कमजोर निघाली तर टोपी पेटत नाही. फाजील ताठ निघाली तर बोल्ट जड जातो आणि टोच्यालाही इजा पोचते.

काही जण सैल स्प्रिंग ताणून लांब करतात. चार दिवस ती चालते, मग पुन्हा बसते. कुणी वेटोळे कापतात. त्याने उरलेली स्प्रिंग ताठ होते खरी, पण आखूड झाल्यामुळे बसवतानाचा मूळ दाबच कमी पडतो. तेव्हा त्याच नमुन्याची नवी कमान, तीही परवानाधारक कारागिराच्या हातून, हाच खरा मार्ग. चार आण्यांची काटकसर करायची जागा ही नव्हे; चाप ओढणाऱ्याचा जीव त्या तारेवर टांगलेला असतो.